भोपळ्याचा वेल: आधुनिक आफ्रिकी कवितेची पार्श्वभूमी

आफ्रिकी कविता अभ्यासाला लागली की बहुतेक विद्यार्थी आधी रूपक, प्रतिमा, अनुप्रास शोधायला लागतात आणि मग 'आशय' या मथळ्याखाली वसाहतवाद, वंशभेद, परंपरा अशी नावं लिहितात. ते चूक नाही, पण त्यात ही कविता आली कुठून हे कळत नाही. तिची बरीचशी साधनं छापील पुस्तकांतून आलेली नाहीत. ती रडगाण्यांतून, स्तुतिगीतांतून, म्हणींतून आणि ढोलाच्या बोलांतून आली आहेत.

फ्रेंच भाषेतल्या या कवितेची सुरुवात १९३०च्या दशकातल्या पॅरिसमध्ये शोधावी लागते. सेनेगलचे लिओपोल्ड सेंघोर, मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरचे एमे सेझेर आणि फ्रेंच गयानाचे लिओं दामास हे तिघे तिथे शिकत होते. काळेपणाची लाज बाळगायची नाही, त्याचाच गौरव करायचा, ही त्यांची भूमिका 'नेग्रित्यूद' या नावानं ओळखली गेली. सेंघोर यांनी १९४८मध्ये काढलेल्या, काळ्या कवींच्या निवडक कवितांच्या संग्रहाला फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यांनी दीर्घ प्रस्तावना लिहिली. सेंघोर काही कवितांच्या शीर्षकाखाली ती कोणत्या वाद्याच्या साथीनं म्हणायची, हे लिहून ठेवत. बहुतेकदा ते वाद्य कोरा असे, पश्चिम आफ्रिकेतलं भोपळ्याच्या खोक्याचं तंतुवाद्य. ही सूचना वगळून त्यांच्या लांबलचक ओळी वाचल्या तर त्या उगाच पसरट वाटतात.

इंग्रजीत लिहिणाऱ्या नायजेरियन कवींना हा गौरव पटला नाही. वाघ आपल्या वाघपणाची दवंडी पिटत नाही, असं वोले सोयिंका म्हणाले. तोवर नायजेरियातलं इबादान शहर हे या कवितेचं घर झालं होतं: १९५७मध्ये 'ब्लॅक ऑर्फिअस' नियतकालिक, १९६१मध्ये लेखक-कलावंतांचा म्बारी क्लब. पुढच्याच वर्षी युगांडात, कंपालातल्या मकेरेरे कॉलेजात इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली.

सोयिंका आणि जे. पी. क्लार्क या दोघांचीही 'अबिकू' नावाची कविता आहे. अबिकू म्हणजे नायजेरियातल्या योरुबा लोकांच्या समजुतीप्रमाणे त्याच आईच्या पोटी पुन्हा पुन्हा जन्मून मरणारं मूल. क्लार्क यांच्या कवितेत घरचं माणूस त्याची विनवणी करतं: उंबरठ्यावर घुटमळू नकोस, आत ये, कायमचा राहा, आई थकली आहे. सोयिंकांच्या कवितेत मात्र मूल स्वतःच बोलतं, आणि तुमचे कडे-तोडे, तुमचे विधी फुकट आहेत म्हणून हिणवतं. समजूत तीच, फक्त बोलणारा बदलला आणि कवितेतली सारी माया उलटून भीती झाली. 'संबोधन' हा काव्यविशेष शिकवायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

क्रिस्टोफर ओकिग्बो यांनी आपल्या गावच्या इडोटो नदीच्या देवीपुढे उघडं उभं राहून केलेल्या प्रार्थनेपासून सुरुवात केली. शेवटी ते ढोलाच्या बोलीत युद्धाची भाकितं लिहीत होते. १९६७मध्ये नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राच्या बाजूनं लढताना ते मारले गेले. घानाचे कोफी अवूनर यांच्या कवितांत एव्हे समाजाची रडगाणी ऐकू येतात. त्यांची आजीच ती गाणी म्हणायची.

आणि मग युगांडाचे कवी ओकोट प'बिटेक. उत्तर युगांडातल्या अचोली लोकांत म्हण आहे, जुन्या वस्तीतला भोपळ्याचा वेल उपटू नये. भोपळा तिकडे आवडीनं खातात आणि तो रानोमाळ आपसूक उगवतो. नव्या जागी राहायला निघालेल्या माणसानंही तो उपटला तर ती निव्वळ नासधूस. 'साँग ऑफ लाविनो' या ओकोट यांच्या १९६६च्या दीर्घकवितेत लाविनो हीच म्हण नवऱ्याला, ओचोलला, ऐकवते. तो शिकला, आता त्याला तिचं नाचणं, तिचा स्वयंपाक, तिचे केस सगळंच मागासलेलं वाटतं. ती भावकीला हाक मारून गाऱ्हाणं मांडते, टोमणे मारते, तेच ते पुन्हा घोळवते. ही पुनरुक्ती पाल्हाळ नाही, तो गाण्याचा ठेका आहे.

१९६८मध्ये नैरोबी विद्यापीठात केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इंग्रजी विभागच बंद करून मौखिक साहित्याला अभ्यासात मोठी जागा द्यावी, अशी मागणी केली. लाविनोचं गाऱ्हाणं तेव्हा इंग्रजीतूनच वाचलं जात होतं. हे इंग्रजी भाषांतर ओकोट यांनी स्वतःच अचोली भाषेतून केलं होतं, आणि आपण त्यात मूळ लय आणि यमक मारून टाकलं, अशी कबुली पुस्तकातच दिली होती. अचोलीतलं मूळ काव्य छापून आलं ते १९६९मध्ये, भाषांतरानंतर तीन वर्षांनी.