फुलाचा डोळा, पानाचा डोळा

जपानी माळ्यांची एक जुनी म्हण आहे : चेरी छाटतो तो मूर्ख आणि उमे छाटत नाही तोही मूर्ख. चेरीची जखम लवकर भरत नाही, तिथूनच लाकूड कुजायला लागतं. उमेचं नेमकं उलटं. हात आखडता घेतला की फांद्या छडीसारख्या सरळसोट सुटतात, बहर दरवर्षी थोडा थोडा शेंड्याकडे सरकतो आणि खोडाजवळचा भाग उघडा पडत जातो. बागेतल्या मोठ्या झाडाला हे खपून जातं. कुंडीतल्या हातभर उंचीच्या बोन्सायचा मात्र दोन-तीन वर्षांत पार विचका होतो.

उमे म्हणजे प्रूनस मुमे. इंग्रजीत त्याला प्लम म्हणायची पद्धत पडली असली, तरी नात्याने हे झाड जर्दाळूला जास्त जवळचं. मूळचं चीनचं, आणि जपानमध्येही हजार वर्षांहून जास्त काळ रुळलेलं. बोन्सायवाले त्यासाठी वेडे होतात ते हिवाळ्याच्या अखेरीस. अंगावर एकही पान नसतं आणि काळपट, खडबडीत फांदीवर थेट फूल उमलतं. वासही असा की खोलीत एक कुंडी ठेवली तरी पुरे.

या झाडाची सगळी मेख त्याच्या डोळ्यांत आहे. डोळा म्हणजे फांदीच्या पेरावरचा कोंब. थंडीच्या सुरुवातीला एखादी फांदी भिंगाखाली धरून पाहा. काही डोळे गोल, गुबगुबीत, तपकिरी खवल्यांत गच्च मिटलेले दिसतील, ते फुलाचे. काही बारीक आणि टोकदार, ते पानाचे. काही पेरांवर दोन्ही जण शेजारीशेजारी बसलेले असतात, काहींवर नुसते फुलाचेच. फुलाच्या डोळ्यातून फक्त फूल येतं. ते गळून पडलं की मागे काही उरत नाही, ते पेर कायमचं आंधळं होतं. जुन्या उघड्या लाकडातून नवी पालवी फोडायलाही उमे सहसा राजी नसतं. त्यामुळे अशा आंधळ्या पेराच्या वर कात्री चालवली, तर फांदी खालच्या पानाच्या डोळ्यापर्यंत वाळत जाते. तसा डोळा उरलाच नसेल, तर फांदी संपली.

म्हणून फुलं ओसरली की आधी पानाचे डोळे शोधायचे, त्यातले दोन-तीन राखायचे आणि त्यांच्या वर छाटायचं. शेवटचा डोळा ज्या दिशेला तोंड करून असेल, तिकडे नवी फांदी जाणार. आकार देणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तार येते; माझ्या मते उमेमध्ये निम्मं काम या एका कापातच होऊन जातं. तारही लागते, पण ती कोवळ्या फांदीला. जुनं लाकूड वाकवायला गेलात की काडकन मोडतं.

कुंडी बदलायची वेळही हीच, फुलं गेल्यावर आणि पानं फुटण्याआधी. मग वसंतात नव्या फांद्या जोर धरतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांची वाढ मंदावते. पुढच्या बहराचा निर्णय याच सुमारास होतो : उन्हाळ्यात त्या कोवळ्या फांद्यांवर फुलांचे डोळे धरायला लागतात. लांब, मस्तवाल फांदीवर ते थोडे, आखूड फांदीवर भरपूर. म्हणून अनुभवी माळी या दिवसांत पाणी मुद्दाम कमी करतात, पानं जरा मलूल होईपर्यंत. वाढ थांबते आणि झाड फुलांकडे वळतं. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात मान टाकलेलं झाड बघत हातातली झारी आवरणं महाकठीण.

शरद ऋतूपर्यंत डोळे तयार होतात, तरी उघडत नाहीत. ठरावीक थंडी अंगावरून गेल्याशिवाय त्यांची झोप मोडत नाही. २०१२ साली उमेचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा या झोपेशी संबंधित डॅम नावाची सहा जनुकं एका ओळीत सापडली. पीच हे उमेचं भावंड. त्याच्या एका वाणात यातली बरीच जनुकं गळालेली आहेत आणि ते झाड हिवाळ्यातही झोपत नाही. तेव्हा कौतुकाने उमे उबदार खोलीत ठेवणं म्हणजे त्याचा बहर घालवणं. आधी बाहेरची थंडी. मग आत आणलं की कळ्या उलट लवकर उमलतात. जपानमधल्या नागाहामा शहरात १९५२ पासून कुंडीतल्या उमेंचं प्रदर्शन भरतं, तेही जानेवारी ते मार्च याच काळात.

सगळ्यांनाच हे रुचलं असं नाही. १८३९ साली गोंग झिचेन या चिनी लेखकाने लिहिलं की बाजारातली वाकवलेली उमे झाडं आजारी आहेत. आपण तशा ३०० कुंड्या विकत घेतल्या, फोडल्या आणि झाडं जमिनीत लावली, असंही तो सांगतो. रोख अर्थात राजवटीवर होता : वाकवलेली झाडं म्हणजे दडपलेली माणसं. झाडाचं म्हणाल, तर खोड वाकडं असल्याने त्याचं काही अडत नाही.

खोड पोकळ असलं तरी अडत नाही. जुन्या उमेंची खोडं पुष्कळदा चिरफाळलेली असतात, आतून पार रिकामी. खोडाचा गाभा एरवीही मेलेलाच असतो. पाणी चढतं ते बाहेरच्या ताज्या लाकडातून आणि अन्न उतरतं ते सालीच्या आतल्या थरातून. म्हणून सालीची एक अरुंद पट्टी शाबूत असली तरी तिच्यावर फुलं येतात. जपानी माळी या पट्टीला मिझुसुई म्हणतात, पाणी ओढणारी. मात्र अशी पट्टी ठरावीक मुळांचं पाणी ठरावीक फांद्यांनाच पोचवते. म्हणून जुन्या झाडाची कुंडी बदलताना मुळांना कात्री लावण्याआधी पट्टीवर बोट ठेवून फांदीपासून खाली खाली मातीपर्यंत यायचं, आणि तिच्या पायथ्याची मुळं तेवढी न कापता राखायची.