पाण्यापासून पाच किलोमीटर

‘इस्रायलपेक्षा मोठा गोठा’ अशा मथळ्याचा मजकूर मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. तो दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲना क्रीक या गुरांच्या ‘स्टेशन’बद्दल, म्हणजे गुरं पाळायच्या अवाढव्य रानाबद्दल असतो. तिथे गोठा नाही, गुरं बारा महिने उघड्यावर असतात. ‘द पीक’ हा भाग धरून क्षेत्र सुमारे २३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दीडपट. पण वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या या वाळवंटात नुसत्या क्षेत्रफळावरून फारसं काही कळत नाही. गुरांना कामाची जमीन किती, हे पाण्याच्या हौदांवरून ठरतं.

उन्हाळ्यात मोठं जनावर दिवसाला ७० लिटरच्या आसपास पाणी पितं. म्हणून ते हौदापासून लांब जात नाही. थंडीत आठ-दहा किलोमीटरही चालेल, पण बहुतेक चराई तीन ते पाच किलोमीटरच्या आतच होते. लहान वासराची आई त्याहूनही जवळ घुटमळते. पाच किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ७८ चौरस किलोमीटर येतात. त्याबाहेर गवत कंबरेएवढं वाढलं तरी गुरांच्या फारसं उपयोगाचं नाही.

खरी गंमत वर्तुळाच्या आत आहे. समजा, ३०० गुरं दिवसातून एकदा हौदावर येतात आणि परत जातात, म्हणजे ६०० फेऱ्या. हौदापासून १०० मीटरवरच्या वर्तुळाचा परीघ साधारण ६३० मीटर, दोन किलोमीटरवरच्याचा साडेबारा हजार मीटर. दोन्ही वर्तुळं ओलांडणारे खूर तेवढेच, पण बाहेरच्या वर्तुळावर ते वीसपट विखुरतात. म्हणून हौदाभोवती शेण आणि धूळ, मग गुरं तोंड लावत नाहीत असं तण, मग विरळ गवत आणि शेवटी धड गवत, अशी कडी तयार होतात. उपग्रहाच्या चित्रात ती ओळखू येतात. हौद वाढवले तर हा भार वाटला जातो, पण गुरांचं तोंड न लागलेला पट्टाही संपतो. काही रानवनस्पती केवळ अशाच पट्ट्यांत तगून असतात.

हौदाचं गणितही साधं दिसतं आणि फसवतं. ३०० गुरांना २१ हजार लिटर लागतं, मिनिटाला १५ लिटर आले की दिवसाचा हिशेब जुळतो. पण गुरं कळपाने, एकाच वेळी येतात. टाकी नसेल तर मागची जनावरं पुढच्यांना रेटतात आणि त्या रेटारेटीत हौद, पाइप नाहीतर फ्लोट व्हॉल्व्ह (हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारी तरंगती झडप) मोडतो. म्हणून निदान तीन दिवसांचा, ६३ हजार लिटरचा साठा ठेवतात. व्हॉल्व्ह अडकला आणि कोणी फिरकलं नाही, तर कडक उन्हाळ्यात काही दिवसांत गुरं मरतात. बाष्पीभवनाने हौदातलं खारेपण वाढतं, म्हणून तो मधूनमधून रिकामा करून घासायचा.

पाणी येतं ग्रेट आर्टेशियन बेसिनमधून. ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्शाहून मोठा हा भूजलसाठा. वर अभेद्य थर, खाली वाळूचा दगड आणि पावसाचं पाणी त्यात मुरतं उंच कडांवर. त्यामुळे छिद्र पाडलं की दाबाने पाणी आपसूक वर येतं. पुष्कळ ठिकाणी पंप लागत नाही. आत ते वर्षाला एक ते पाच मीटर सरकतं. खोल बोअरचं पाणी कढत असतं. थेट सोडलं तर पॉलिथिनचा पाइप मऊ पडून फुटतो, म्हणून आधी थंड करतात. पूर्वी हे पाणी उघड्या चरांतून वाहत असे आणि नव्वद टक्क्यांहून अधिक वाटेतच जिरे, उडून जाई. १९९९ पासून सरकारी मदतीने बोअरना झडपा आणि पाइप बसवणं सुरू झालं.

पाणाड्ये तिथेही आहेत. असा थर खाली असताना बेचकी कुठेही फिरवली तरी पाणी लागणारच, आणि श्रेय बेचकीला जातं.

गुरं गोळा करायला हेलिकॉप्टर फिरतात, ते दिसतंही झकास. पण स्वस्त उपाय म्हणजे हौदाभोवती कुंपण आणि एकाच दिशेने उघडणारं फाटक. त्याचे टोकदार लोखंडी दांडे आतल्या बाजूला झुकलेले असतात. जनावर ढकलून आत शिरतं, परतताना टोकं टोचतात. ते लावल्या लावल्या आवळायचं नाही, आधी बरेच दिवस सताड उघडं ठेवायचं. नाहीतर बुजरी गुरं तहानलेली बाहेरच उभी राहतात.