पार्श्वभूमी : विलायतेबाहेरच्या इंग्रजाचे वर्तमानपत्र

परदेशात राहणाऱ्या इंग्रजाला मायदेशाचे वर्तमानपत्र रोजच्या रोज वाचायला मिळणे ही फार जुनी सोय नव्हे. एकोणिसाव्या शतकात त्याने काय वाचायचे आणि ते किती शिळे असायचे, हे त्याच्या आवडीपेक्षा टपालाच्या बोटी आणि सरकारी कर यांवरच अधिक अवलंबून होते.

1814 मध्ये जोव्हानी अंतोनियो गालिन्यानी या मूळच्या इटालियन पुस्तकविक्रेत्याने पॅरिसमध्ये ‘गालिन्यानीज मेसेंजर’ हे इंग्रजी पत्र सुरू केले. त्यातला पुष्कळसा मजकूर लंडनच्या पत्रांतून सरळ उचललेला असे. आज आपण याला उचलेगिरी म्हणू, पण वाचकाच्या ती पथ्यावरच पडली. ब्रिटनमध्ये 1815 पासून वर्तमानपत्राच्या दर प्रतीवर चार पेन्स मुद्रांक कर होता. तो 1836 मध्ये एका पेनीवर आला आणि 1855 मध्ये उठला. त्यामुळे लंडनची चार महागडी पत्रे मागवण्यापेक्षा त्यांचे सार देणारे हे एकच पत्र परवडत असे. इटलीत राहणारा कवी बायरनही ते वाचत असे.

फ्लॉरेन्समध्ये जोव्हान पिएत्रो व्ह्यूसो याने 1819 मध्ये वर्गणीचे वाचनालय काढले. तेथे युरोपभरची नियतकालिके येत आणि नवा सभासद नोंदवहीत नाव लिही. त्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झालेला इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग येथेच वर्तमानपत्रे वाचायला येई.

मुंबईच्या इंग्रजाची गोष्ट वेगळी होती. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजातून पत्रे पोचायला चार-सहा महिने लागत. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली आणि सुमारे महिन्याभरात तेथे पोचली, तेव्हा हे अंतर आटोक्यात येण्याची आशा निर्माण झाली. तरीही टपाल एकगठ्ठाच येई, आणि म्हणून टपालबोटीच्या वेळापत्रकाशी जुळवून निघणारी ‘होम न्यूज’सारखी खास पत्रे लंडनमध्ये उभी राहिली. स्थानिक बातम्यांसाठी मुंबईतलीच इंग्रजी पत्रे होती. 6 जानेवारी 1832 रोजी निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्येही मराठीशेजारी इंग्रजी स्तंभ होता, त्यामुळे मराठी न येणाऱ्या इंग्रजालाही ते पत्र वाचता येई.

1870 मध्ये समुद्री तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली आणि बातमी काही तासांत येऊ लागली. पण तारेचा दर शब्दागणिक असल्याने ती त्रोटक असे. अग्रलेख, संसदेतली भाषणे, पुस्तकपरीक्षणे आणि क्रिकेटचे सविस्तर वर्णन यांसाठी बोटीचीच वाट पाहावी लागे. काय घडले ते तारेने कळावे आणि का घडले ते आठवडी अंकातून, अशी ही विभागणी पुढे बराच काळ टिकली. ‘मँचेस्टर गार्डियन’ने 4 जुलै 1919 रोजी आपली साप्ताहिक आवृत्ती सुरू केली, तीही प्रामुख्याने परदेशातल्या वाचकांसाठीच. विमानटपालात वजनाप्रमाणे पैसे पडत, म्हणून पुढे ती इतक्या पातळ कागदावर छापली जाई की मागच्या पानाची अक्षरे पुढच्या पानावर उमटलेली दिसत.