डॉलरवरचं अक्षर

एक डॉलरची नोट कधी हातात आली, तर वॉशिंग्टनच्या चित्राच्या डावीकडे बघा. काळ्या गोल शिक्क्यात एक अक्षर असतं. ए असेल तर बोस्टन, बी असेल तर न्यूयॉर्क, असं करत एल म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. बारा अक्षरं, बारा बँका. रिझर्व्ह बँक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईच्या फोर्टमधली एक उंच इमारत येते. अमेरिकेची मध्यवर्ती बँक मात्र बारा शहरांत वाटलेली आहे, आणि वर देखरेखीला राजधानीत सात जणांचं मंडळ. 'फेडने व्याजदर वाढवले' या बातमीतलं फेड, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, ते हेच. असली रचना कुणी शांतपणे बसून आखलेली नाही. भांडणांतून जे उरलं, ते हे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत बँक हा शब्दच नाही. नाणी पाडणं, कर्ज काढणं, कर बसवणं हे अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला आहेत. शिवाय ते राबवायला 'आवश्यक आणि योग्य' कायदे करायची मुभा. पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९० मध्ये राष्ट्रीय बँकेची योजना मांडली, ती या मुभेच्या जोरावर. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांचं म्हणणं उलट: आवश्यक म्हणजे ज्याच्यावाचून अडतं ते, नुसतं सोयीचं नव्हे. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी दोन्ही बाजू मागवून घेतल्या आणि फेब्रुवारी १७९१ मध्ये सही केली. परवाना वीस वर्षांचा. १८११ मध्ये नूतनीकरणावर सेनेटमध्ये मतं समसमान पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज क्लिंटन यांच्या एका मताने बँक गेली. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध जुंपलं, सरकारची पैशांसाठी ओढाताण झाली, आणि १८१६ मध्ये दुसरी बँक आली. तिच्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन हे १७९१ मध्ये पहिलीला घटनाबाह्य म्हणणारे. खजिना खडखडला की तत्त्वंही थोडी सैलावतात.

घटनेचा प्रश्न कोर्टात गेला तो एका कॅशियरमुळे. मेरीलँड राज्याने बाहेरच्या बँकांवर कर लावला. राष्ट्रीय बँकेच्या बाल्टिमोर शाखेचे कॅशियर जेम्स मॅक्युलोक यांनी तो भरला नाही. १८१९ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला: घटनेत शब्द नसला तरी काँग्रेस बँक काढू शकते, आणि राज्य तिच्यावर कर लावू शकत नाही, कारण कर लावायच्या अधिकारात मोडून काढायचा अधिकारही येतो. अमेरिकी कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी हा खटला शिकतो. त्याच शाखेत त्याच वर्षी मोठी अफरातफर उघड झाली आणि खुद्द मॅक्युलोक यांना नोकरी गमवावी लागली, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही.

कोर्टात जिंकलेली बँक राजकारणात हरली. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३२ मध्ये नव्या परवान्याचं विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवलं. बँक म्हणजे श्रीमंतांची मक्तेदारी, हा त्यांचा सूर. १८३६ मध्ये परवाना संपला, आणि पुढची पाऊणशे वर्षं अमेरिकेला मध्यवर्ती बँकच नव्हती.

यादवी युद्धाच्या काळात, १८६३ पासून, केंद्राचा परवाना असलेल्या खासगी 'राष्ट्रीय' बँकांच्या एकसारख्या नोटा आल्या खऱ्या, पण त्या सरकारी रोख्यांना बांधलेल्या. गरजेप्रमाणे वाढायच्या नाहीत. दर शरद ऋतूत पीक उचलायला पश्चिमेकडे रोकड लागायची, ती न्यूयॉर्कमधून खेचली जायची आणि तिथे टंचाई व्हायची. ऑक्टोबर १९०७ मध्ये, अशाच हंगामात, तांब्याच्या शेअरचा एक सट्टा अंगलट आला आणि न्यूयॉर्कच्या निकरबॉकर ट्रस्ट या वित्तसंस्थेच्या दारात ठेवीदारांची रांग लागली. काही तासांत ८० लाख डॉलर देऊन तिने खिडक्या बंद केल्या. मग बडे बँकर जे. पी. मॉर्गन यांनी बँकर मंडळींना आपल्या खासगी ग्रंथालयात कोंडलं, दाराला कुलूप लावलं आणि पहाटेपर्यंत बसवून वर्गणी काढली. एवढा मोठा देश सत्तरीतल्या एका सावकाराच्या भरवशावर, ही गोष्ट सगळ्यांनाच लागली.

नोव्हेंबर १९१० मध्ये सेनेटर नेल्सन ऑल्ड्रिच काही बँकरांना घेऊन जॉर्जियातल्या जेकिल बेटावर गेले. सांगायला बदकांची शिकार. नोकरांना कळू नये म्हणून एकमेकांना पहिल्याच नावाने हाक मारायची. आराखडा तिथे झाला. पण वॉल स्ट्रीटच्या हाती बँक द्यायला शेतकरी राज्यं तयार नव्हती, आणि सगळं सरकारच्या ताब्यात जाणं बँकरांना नको होतं. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या काळात काँग्रेसमधले कार्टर ग्लास आणि रॉबर्ट ओवेन यांनी तोडगा काढला: प्रादेशिक बँका सभासद बँकांच्या भांडवलावर, वरचं मंडळ राष्ट्राध्यक्षांनी नेमलेलं. २३ डिसेंबर १९१३ ला सही झाली. शहरं निवडताना ओढाताण झालीच. एकट्या मिझुरी राज्याला दोन बँका मिळाल्या.

सुरुवातीला अर्थमंत्री स्वतः मंडळावर बसत. १९३५ च्या कायद्याने त्यांना बाहेर काढलं आणि सदस्यांना १४ वर्षांची मुदत दिली. राष्ट्राध्यक्ष त्यांना मुदतीआधी काढू शकतात, पण 'सकारण'. ते कारण कोणतं, हे कायद्याने सांगितलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी लिसा कुक यांना मंडळावरून काढल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या कोर्टात गेल्या, आणि वकिलांचा वाद सुरू झाला तो त्या एका शब्दावर.