शेऱ्याचा रकाना: काँप्युटर, दिल्ली आणि शेअर बाजार एकाच टेबलावर कसे आले

४ जून २०२४. डोंबिवलीच्या आमच्या घरात सकाळपासून टीव्हीवर लोकसभेची मतमोजणी, बाबांच्या पुढ्यात लॅपटॉप आणि भाच्याच्या हातात मोबाइल. आदल्या दिवशी मतदानोत्तर चाचण्यांच्या भरवशावर सेन्सेक्स २,५०७ अंशांनी चढला होता आणि त्या जोशात भाच्याने आणखी थोडे शेअर उचलले होते. भाजप २४० च्या आसपास अडकतोय हे दिसायला लागलं तशी स्क्रीन लालेलाल झाली. दिवसअखेर सेन्सेक्स ४,३८९ अंश खाली. भाचा गप्प. बाबा म्हणाले, "दोन हजार चारला यापेक्षा वाईट होतं," आणि आईकडे चहा मागितला.

टक्क्यांत मोजलं तर बाबांचं बरोबर होतं. या खेपेला पावणेसहा टक्के, तेव्हा अकरा.

काँप्युटर, राजकारण आणि शेअर या तीन विषयांवर मत नाही असा मध्यमवर्गीय मराठी माणूस मला अजून भेटायचाय. गंमत म्हणजे ही तीन मतं सहसा एका दमात येतात. मला वाटतं याचं कारण स्वभावात कमी आणि इतिहासात जास्त आहे. आपल्याकडे घरात काँप्युटर येईल का आणि कंपनीचा शेअर कोणत्या भावाने मिळेल, या दोन्ही गोष्टी बरीच वर्षं दिल्लीतल्या फायलींवर ठरत होत्या. आणि कोणाचं मत काय आहे यापेक्षा तो माणूस या व्यवहारात कोणत्या साली शिरला हे विचारलं, तर मत आपोआप कळतं.

सुरुवात १९७३ च्या परकीय चलन कायद्यापासून करावी लागते, ज्याला सगळे 'फेरा' म्हणायचे. परदेशी कंपन्यांनी इथल्या उपकंपनीतला आपला हिस्सा साधारण ४० टक्क्यांवर आणावा, असा त्याचा रोख. १९७७ ला जनता सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि या कायद्याला धार आली. कोका-कोलाने गाशा गुंडाळला हे सगळ्यांना आठवतं. १९७८ मध्ये आयबीएमही गेली, हे फारसं कोणी सांगत नाही. देशातल्या बऱ्याचशा मोठ्या संगणकांवर तिचं नाव होतं. ती गेल्यावर त्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली आणि देशी उत्पादकांना मोकळं रान मिळालं.

ज्या कंपन्या इथेच राहिल्या त्यांना हिस्सा विकावा लागला. कोलगेट त्यातलीच एक. आता हे शेअर विकायचे कोणत्या भावाने? ते कंपनी ठरवत नसे. दिल्लीत कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज नावाचं कार्यालय होतं, तो भाव तिथून यायचा आणि तो बाजारभावापेक्षा चांगलाच कमी असायचा. म्हणजे फॉर्म भरा, नंबर लागला की फायदा ठरलेला. फोर्टात फुटपाथवर फॉर्मांचे गठ्ठे मिळत. आमच्या काकांनी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने, अगदी आजीच्याही, फॉर्म भरले होते. आजीला शेवटपर्यंत वाटायचं की डिव्हिडंडचं वॉरंट म्हणजे पेन्शनचाच एक प्रकार. 'चांगल्या कंपनीचा शेअर कधी विकायचा नसतो' हे काकांचं ठाम मत, आणि ते त्या सरकारी स्वस्त भावाने तयार केलेलं आहे.

त्याच जनता सरकारात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते, राजापूरचे खासदार आणि पेशाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. रेल्वे आरक्षणात संगणक आणायचा विचार त्यांच्या काळात पुढे सरकला. समाजवादी माणूस, कामगार संघटनांत वजन असलेला, आणि तोच यंत्राच्या बाजूने. प्रत्यक्ष संगणकीय आरक्षण दिल्लीत सुरू व्हायला १९८५-८६ उजाडलं.

बँकांत मात्र वेगळं वारं होतं. साठच्या दशकात एलआयसीत संगणक आणायला जो विरोध झाला त्याची आठवण ताजी होती. बाबा एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून, युनियनचे पक्के सभासद. लेजर हाताने लिहायचं, संध्याकाळी ताळा जुळला नाही तर जुळेपर्यंत बसायचं. १९८३ च्या करारात युनियनने मर्यादित यंत्रं मान्य केली, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांत लेजर पोस्टिंग मशीनं दिसू लागली. बाबांनी तेव्हा काळा बिल्ला लावून निदर्शनं केली होती. तो बिल्ला अजून कपाटात आहे, त्याच खणात लॅपटॉपचा जुना चार्जर.

इथे एक भर घालतो. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक फोटो येतो: वाजपेयी बैलगाडीतून संसदेकडे निघालेत, आणि खाली मजकूर, की हे राजीव गांधींच्या काँप्युटरला विरोध करत होते. ती बैलगाडी नोव्हेंबर १९७३ ची, पेट्रोलच्या दरवाढीविरुद्धची. राजीव पंतप्रधान झाले ते त्यानंतर ११ वर्षांनी. मी हे तीनदा लिहून पाहिलं, आता सोडून दिलंय.

राजीव गांधींचं संगणक धोरण नोव्हेंबर १९८४ चं, सत्तेवर आल्यानंतर तीन आठवड्यांच्या आतलं. आयात सोपी झाली, जकात उतरली. १९८६ मध्ये सिंक्लेअर स्पेक्ट्रमची परवान्याने बनवलेली आवृत्ती भारतात विकली जाऊ लागली. टीव्हीला जोडायची, कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवायचा. आमच्या सोसायटीत एका डॉक्टरांकडे होती आणि आम्ही पोरं चपला बाहेर काढून तिचं दर्शन घ्यायचो. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आली, १९९१ मध्ये तिथे विजय भटकरांच्या चमूने परम ८००० हा महासंगणक उभा केला, मराठी माणसाची छाती फुगली. पण घरातल्या टेबलापर्यंत काँप्युटर यायला अजून अवकाश होता.

पुण्यातच १९८१ मध्ये इन्फोसिस सुरू झाली होती. संगणक आयात करायचा तर परवान्यासाठी दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागण्याचे ते दिवस. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली. १९९१ च्या २४ जुलैला मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आला, १९९२ मध्ये ते कंट्रोलरचं कार्यालयच बंद झालं आणि शेअरचा भाव ठरवायचा अधिकार कंपन्यांकडे आला. फेब्रुवारी १९९३ मध्ये इन्फोसिसने शेअर विकायला काढले, भाव ९५ रुपये. लोकांनी पाठ फिरवली. इश्यू पुरता भरलासुद्धा नाही, उरलेला वाटा मॉर्गन स्टॅन्लीने उचलला. १०० शेअर म्हणजे साडेनऊ हजार रुपये, बँकेतल्या कारकुनाला बोनस धरून जमण्यासारखे. 'तेव्हा घेतले असते तर' हे वाक्य पुण्यात आणि डोंबिवलीत गेली पंचवीस वर्षं ऐकतोय. बाबांनी घेतले नव्हते. कारण साधं होतं, नुकताच हर्षद मेहता होऊन गेला होता.

हर्षदच्या प्रकरणाला लोक शेअर घोटाळा म्हणतात, पण पैसा निघाला होता बँकांतून. सरकारी रोख्यांचे बँकाबँकांतले व्यवहार दलालांमार्फत होत. प्रत्यक्ष रोखे हातात न घेता बँक रिसीट नावाच्या कागदावर काम चाले. मधल्या दलालाकडे तो पैसा काही दिवस राहायचा, आणि तेवढ्या दिवसांत तो एसीसीसारख्या शेअरात फिरायचा. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर पोचला. २३ एप्रिलला सुचेता दलाल यांची बातमी टाइम्स ऑफ इंडियात आली. शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी १९८८ पासून अस्तित्वात होती, पण तिच्या हाती कायद्याची ताकद येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. बाबांच्या बँकेत त्या उन्हाळ्यात रोज कोणीतरी कोणत्या तरी रिसिटीचा शोध घेत होतं. 'हा सगळा जुगार आहे' हे बाबांचं मत तेव्हाचं. त्यांनी पैसे यूटीआयच्या युनिट ६४ या म्युच्युअल फंड योजनेत ठेवले, सरकारी म्हणून. जुलै २००१ मध्ये यूटीआयने त्या योजनेची खरेदी-विक्रीच थांबवली, तेव्हा 'सरकारी म्हणजे सुरक्षित' हेही मत गेलं.

पण मधल्या काळात दलाल स्ट्रीटवर जे बदललं ते हर्षदपेक्षा मोठं होतं. तोवर व्यवहार रिंगणात चालत, ओरडून आणि हातवारे करून. जॉबरला, म्हणजे रिंगणात स्वतःसाठी घेणाऱ्या-विकणाऱ्याला, बाजारात तारवणीवाला म्हणायचे. आपला शेअर नेमका कोणत्या भावाने विकला गेला, ते दलाल सांगेल ते खरं. ३ नोव्हेंबर १९९४ ला एनएसईने, म्हणजे नव्या राष्ट्रीय शेअर बाजाराने, पडद्यावरचे शेअर व्यवहार सुरू केले, उपग्रहाच्या छत्रीवरून. मुंबई बाजारालाही मार्च १९९५ मध्ये बोल्ट ही पडद्यावरची यंत्रणा आणावी लागली आणि रिंगणातला आरडाओरडा हळूहळू संपला. पुण्याचा स्वतःचा शेअर बाजार १९८२ पासून होता. जंगली महाराज रस्त्यावर बसून थेट मुंबईच्या भावाने घेता येतंय म्हटल्यावर तिथली उलाढाल आटली.

कागदाची कटकट मात्र तशीच. काकांनी एकदा ५० शेअर विकत घेऊन नावावर करायला कंपनीकडे पाठवले. चार महिन्यांनी पाकीट परत, वर शिक्का: विकणाऱ्याची सही जुळत नाही. विकणारा कोण, कुठला, देव जाणे. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या एनएसडीएलने ही पीडा संपवली; शेअर कागदाऐवजी संगणकातल्या खात्यात, म्हणजे डिमॅटमध्ये, राहू लागले.

१९९६ मध्येच बाबांनी पीएफमधून कर्ज काढून लॅमिंग्टन रोडवरून जुळवलेला काँप्युटर आणला. बिल्ला लावणाऱ्या माणसाने. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि भरतकामाचं झाकण शिवलं. माझ्या अभ्यासासाठी म्हणून आणला, पण रात्री जेवणं झाली की बाबाच त्याच्यापुढे बसत. शेअर घेत नव्हते, तरी पेपरातले बंद भाव लोटस या प्रोग्रॅमच्या तक्त्यात भरत. लेजरची सवय होती ती. कंपनी, तारीख, भाव, आणि शेवटी एक रकाना: शेरा. भाव का हलला ते त्यात रोमन अक्षरांत मराठीत लिहायचे. 'देवेगौडा गेले.' 'चिदंबरम बजेट, छान.' 'पोखरण.' वर्षभरात त्यांच्या लक्षात आलं की शेऱ्यात कंपनीविषयी क्वचितच काही असतं, बहुतेक वेळा दिल्लीच असते.

जानेवारी २००० मध्ये सेबीने इंटरनेटवरून शेअर व्यवहारांना परवानगी दिली. इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आणलंच होतं, १९९८ नंतर खासगी कंपन्याही आल्या. बाबा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. घरच्या डिमॅटमध्ये त्यांनी पहिला शेअर २००२ मध्ये घेतला, मोडेमच्या किरकिरीत, फोन कोणी उचलू नये अशी घरभर ताकीद देऊन.

आणि मग १७ मे २००४. वाजपेयी सरकार अनपेक्षितपणे हरलं होतं, नवं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर येणार आणि निर्गुंतवणूक, म्हणजे सरकारी कंपन्यांची विक्री, थांबणार, ही भीती. सोमवारी बाजार उघडला तसा कोसळला, दोनदा व्यवहार थांबवावे लागले. एका क्षणी ८४२ अंश खाली, बंद होताना ५६४. बाबांना विकायचं होतं. दलालाचं पान उघडेना, मग लाईन तुटली, मग लागली तर पासवर्ड चुकीचा. दुपारी त्यांनी नाद सोडला. शेऱ्यात लिहिलंय: 'लाईन गेली. वाचलो की बुडालो कळेल.' पुढच्या तीन-चार वर्षांची तेजी बघता वाचले.

१८ मे २००९ ला नेमकं उलटं झालं. डाव्यांच्या टेकूशिवाय तेच सरकार परतलं आणि सेन्सेक्स २,११० अंशांनी उसळला. वरचं सर्किट, म्हणजे दिवसातल्या वाढीची मर्यादा, लागून बाजार बंद करावा लागला, एक मिनिटही धड व्यवहार झाले नाहीत. २०१४ च्या १६ मेला तो दिवसात २५,००० च्या पार गेला आणि बंद होताना वाढ उरली २१६ अंशांची. बातमी आधीच भावात शिरली होती.

भाच्याची पिढी आली ती टाळेबंदीत. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती, चार वर्षांत ती १५ कोटींवर गेली. यांना घरचा काँप्युटर लागत नाही, सही जुळवावी लागत नाही, फॉर्मही नाही. पडलेला बाजार महिन्या-दोन महिन्यांत वर येतो हेच यांनी पाहिलंय, म्हणून 'पडला की घ्यायचं' हे यांचं मत. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे वायद्यांच्या व्यवहारांत, तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला हा सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल मी भाच्याला पाठवला. त्याने अंगठा दाखवला. उरलेल्या सातांत आपण असू, असं त्याला वाटत असावं.

मात्र त्या ४ जूनला त्याला त्याच्याच मताचा धीर झाला नाही. दुपारी अडीचला त्याने सगळं विकलं. ५ जूनला सेन्सेक्स २,३०३ अंश वर. रात्री बाबांनी तक्ता उघडला, आता तो एक्सेलमध्ये आहे, पण रकाने तेच. मी मागून डोकावलो. ४-६-२४ पुढे शेरा होता: 'निकाल. काही केलं नाही. चहा दोनदा.'