पुनर्जनन वैद्यकातील विकृतिविज्ञान

झिजलेल्या, जळालेल्या किंवा निकामी झालेल्या ऊतकाच्या जागी तेच काम करणारे ऊतक पुन्हा उभे करण्याच्या उपचारांना पुनर्जनन वैद्यक म्हणतात. मूलपेशी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, पेशींना आधार देणारे साचे आणि जनुक-दुरुस्ती ही त्याची साधने. या साधनांतून शरीरात खरोखर काय उगवले हे पेशींच्या पातळीवर तपासणारी शाखा म्हणजे विकृतिविज्ञान, रोजच्या बोलण्यातली पॅथॉलॉजी. पूर्वी पॅथॉलॉजिस्टकडे नमुना यायचा तो रोग ओळखण्यासाठी, म्हणजे बरेच काही घडून गेल्यावर. आता रुग्णाला द्यायच्या पेशींची आधी पारख करायची, त्या दिल्यावर नवे ऊतक जुन्याशी सांधते का ते पाहायचे आणि काही वर्षांनी गाठ निघालीच तर ती कोणाच्या पेशींची हे शोधायचे, अशी तिन्ही कामे त्याच्याकडे आली आहेत.

भरून येणे आणि पूर्ववत होणे

जखम भरली, असे आपण सरसकट म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याचे दोन वेगळे प्रकार दिसतात. एकात मूळ ऊतक तसेच्या तसे परत येते, ते पुनर्जनन. दुसऱ्यात रिकामी जागा तंतुमय ऊतकाने बुजते, तो वण. त्वचेवरच्या स्वच्छ कापाचे उदाहरण घ्या. पहिल्या २४ तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी जमतात, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास मॅक्रोफेज या कचरा गिळणाऱ्या पेशी त्यांची जागा घेतात, पाचव्या दिवशी नव्या केशवाहिन्यांनी भरलेले लालसर ग्रॅन्युलेशन टिश्यू भरात असते आणि दुसऱ्या आठवड्यात कोलॅजेन हे तंतूंचे प्रथिन साचू लागते. आठवड्याने टाके काढतात तेव्हा त्या जागेची ताकद अखंड त्वचेच्या जेमतेम १० टक्के असते. तीन महिन्यांत ती ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. वणात केसांची मुळे नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात, कोलॅजेनचे जुडगे एकाच दिशेला पडलेले असतात.

कोणता मार्ग घेतला जाईल हे पेशींच्या वाढण्याच्या क्षमतेइतकेच खालच्या चौकटीवर ठरते. मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी मेल्या पण त्यांच्याखालचे पातळ आधारपटल शाबूत राहिले, तर उरलेल्या पेशी त्यावरून सरकत नलिका पुन्हा अस्तरित करतात. पटल फाटले की तिथे तंतू येतात. यकृताचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि अर्धवट दिले जाते. उंदराचे दोनतृतीयांश यकृत काढले तर ७ ते १० दिवसांत वजन भरून येते, हे खरे. पण कापलेले खंड परत उगवत नाहीत, उरलेले खंड मोठे होतात. सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृतात तंतू भरून ते कडक होते त्या आजारातही, यकृताच्या पेशी वाढतच असतात. फक्त चौकट मोडलेली असल्याने त्यांचे तंतूंनी वेढलेले गोळे बनतात. म्हणून अशा बायोप्सीत नुसते हिमॅटॉक्सिलिन-इओसिन हे नेहमीचे रंजन (नमुना रंगवणे) पुरत नाही, तंतूंची चौकट दाखवणारी रेटिक्युलिन आणि मॅसन ट्रायक्रोम ही रंजनेही करावी लागतात. पेशी वाढताहेत हे पहिल्यात दिसते, कशावर वाढताहेत हे दुसऱ्यांत.

गुडघ्यातील कूर्चा : एक नमुना

पॅथॉलॉजीच्या निकषांवर पुनर्जनन सर्वांत बारकाईने तपासले गेले ते बहुधा सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरात. कूर्चेला रक्तपुरवठा नाही, त्यामुळे तिच्या आतच राहिलेली जखम आपणहून भरत नाही. स्वीडनमधील योटेबोरी येथील डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून खड्ड्यात परत सोडण्याचा उपचार केला आणि २३ रुग्णांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. नंतर घेतलेल्या बायोप्सींत मांडीच्या हाडावरील १५ पैकी ११ रोपणांत काचाभ (सांध्यात मूळची असते तशा) कूर्चेसारखे ऊतक दिसले, गुडघ्याच्या वाटीवरील ७ पैकी फक्त एका रोपणात. रुग्णांचे दुखणे किती कमी झाले याचा कलही असाच होता.

तपासायचा असतो तो काचाभ कूर्चा आणि तंतुकूर्चा यांतला फरक. सांध्यात घातलेल्या दुर्बिणीतून दोन्ही पांढऱ्या आणि गुळगुळीत दिसू शकतात. काचाभ कूर्चेत मुख्यतः टाइप दोन कोलॅजेन आणि पाणी धरून ठेवणारे भरपूर प्रोटिओग्लायकन असते, पेशी आपापल्या खोबणीत, खालच्या थरात खांबासारख्या रांगेने बसतात. तंतुकूर्चेत टाइप एक कोलॅजेनचे जाड जुडगे असतात. ती भार सोसते, पण तितकी वर्षे टिकत नाही.

रोपणानंतर साधारण वर्षाने दुर्बिणीतून पुन्हा पाहताना सुमारे २ मिलिमीटर व्यासाच्या सुईने नमुना घेतात. सुई पृष्ठभागाला काटकोनात धरायची आणि खालच्या हाडाचा तुकडा सोबत यायलाच हवा. तिरपी गेली तर वरचे थर जाड आणि खालचे गायब दिसतात, हाड आले नाही तर नवी कूर्चा तळाशी चिकटली का हे सांगताच येत नाही. नमुना १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, नमुन्याच्या किमान दहापट द्रवात, २४ ते ४८ तास ठेवतात. मग हाडातला चुना काढायचा. नायट्रिक आम्लाने हे काम तासांत उरकते, ईडीटीए या कॅल्शियम बांधून घेणाऱ्या रसायनाला अनेक दिवस लागतात. घाई झाली की आम्ल वापरण्याचा मोह होतो आणि घोळ तिथेच होतो : आम्लात प्रोटिओग्लायकन धुऊन जाते, ते दाखवणारे सॅफ्रनिन-ओ रंजन फिके येते आणि चांगल्या कूर्चेवर वाईट शेरा बसतो. डीएनएही तुटतो. ईडीटीएचे पीएच ७.२ ते ७.४ ठेवून द्रव वेळोवेळी बदलावा.

मायक्रोटोम या पातळ काप करणाऱ्या यंत्रावर ४ ते ५ मायक्रॉनचे सेक्शन (काप) कापतात. कूर्चेचा सेक्शन स्लाइडवरून सुटून तरंगायला फार तयार असतो, म्हणून धन विद्युतभार दिलेली स्लाइड वापरतात. सॅफ्रनिन-ओ आणि फास्ट ग्रीनच्या जोडीत प्रोटिओग्लायकन नारिंगी-लाल, तंतू हिरवे दिसतात. लाल रंगाची गडदता प्रोटिओग्लायकनच्या प्रमाणात असते, त्यामुळे प्रत्येक बॅचमध्ये निरोगी कूर्चेची एक स्लाइड सोबत रंगवणे अनिवार्य आहे. ती नसेल तर फिका रंग रुग्णाचा की बाटलीतल्या जुन्या रंगाचा, हे कळायला मार्ग नाही. ध्रुवित प्रकाशात तंतूंची ठेवण दिसते. कोलॅजेन एक आणि दोन यांच्या प्रतिपिंड-रंजनाआधी (प्रतिपिंड चिकटवून ते प्रथिन शोधण्याआधी) हायल्युरोनिडेज किंवा प्रोनेज या विकराने सेक्शन उघडा करावा लागतो, नाहीतर प्रतिपिंड आत पोचत नाही आणि टाइप दोन नाहीच, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

गुणांकनासाठी अनेक श्रेणी आहेत. मूळची सशांवरील प्रयोगांसाठी बनलेली ओड्रिस्कॉल श्रेणी २४ गुणांची आहे. आंतरराष्ट्रीय कूर्चा संघटनेची २०१० मधील दुसरी श्रेणी मानवी नमुन्यांसाठी असून तिच्यात १४ निकष आहेत आणि प्रत्येकाला ० ते १०० गुण आहेत : रंग, पेशींचा आकार, पेशींचे पुंजके, पृष्ठभाग, तळाची सांधणी, असामान्य चुना, रक्तवाहिन्यांचा शिरकाव वगैरे. पेशींचे पुंजके नवख्याला वाढीचे शुभचिन्ह वाटतात. प्रत्यक्षात ते ऱ्हासाच्या बाजूचे लक्षण आहे.

या सगळ्यावर एक मर्यादा आहे, आणि ती आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही. चार चौरस सेंटिमीटरच्या खड्ड्यातून आलेला २ मिलिमीटरचा तुकडा त्या तुकड्यापुरतेच बोलतो. सुई कडेला लागली तर रुग्णाची मूळ, कधीच न बिघडलेली कूर्चा हाती येते आणि अहवालात उपचाराला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

पेशी सोडण्याआधी

वाढवलेल्या पेशी औषध म्हणून द्यायच्या तर प्रत्येक बॅचची ओळख, जिवंतपणा आणि निर्जंतुकता सिद्ध करावी लागते. अस्थिमज्जा, चरबी अशा ऊतकांतून मिळणाऱ्या मीझेंकायमल पेशींसाठी २००६ पासून रूढ निकष असे : प्लास्टिकला चिकटून वाढणे, सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या खुणा ९५ टक्के किंवा अधिक पेशींवर, सीडी४५ व सीडी३४ सारख्या रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांहून अधिक नसणे, आणि प्रयोगशाळेत चरबी, हाड व कूर्चा अशा तिन्ही दिशांना वळता येणे. ही वळणे ऑइल रेड-ओ, ॲलिझरिन रेड आणि ॲल्शियन ब्लू या रंगांनी पाहतात. जिवंतपणासाठी मेलेल्या पेशींना रंगवणारा ट्रिपॅन ब्लू, ७० टक्के जिवंत पेशी ही नेहमीची खालची मर्यादा. निर्जंतुकतेची कल्चर चाचणी १४ दिवसांची असते, पण ताज्या पेशी तितके थांबत नाहीत. म्हणून जिवाणू दाखवणारे ग्रॅम रंजन पाहून बॅच सोडतात आणि कल्चरचा निकाल उपचारानंतर येतो. त्यात जंतू निघाले तर काय करायचे, ही योजना आधीच लिहून ठेवावी लागते.

शरीरातल्या कोणत्याही ऊतकात बदलू शकणाऱ्या बहुक्षम पेशींचा प्रश्न वेगळा. त्या खरोखर बहुक्षम आहेत का हे पाहण्यासाठी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचून टेराटोमा (अनेक प्रकारच्या ऊतकांची गाठ) होऊ देतात आणि त्याच्या सेक्शनमध्ये तिन्ही भ्रूणस्तरांची, म्हणजे भ्रूणातील मूळ थरांपासून बनणारी, ऊतके शोधतात. त्यांच्यापासून बनवलेल्या उपचाराच्या पेशी टोचल्यावर मात्र असे काहीही दिसता कामा नये. गुणसूत्रांची तपासणीही हवीच, कारण दीर्घकाळ वाढवलेल्या पेशींत गुणसूत्र २० च्या लांब भुजेवरील एक तुकडा वारंवार दुप्पट झालेला आढळतो आणि अशा पेशी मरायचे टाळतात. जपानमधील कोबे येथे २०१४ मध्ये प्रेरित बहुक्षम पेशींपासून (प्रौढ पेशी मागे वळवून बहुक्षम केलेल्या) बनवलेला दृष्टिपटलाचा थर प्रथमच रुग्णाला बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळल्यावर तो प्रयोग थांबवण्यात आला.

साचे

प्राण्याच्या किंवा दात्याच्या अवयवातून पेशी धुऊन काढून उरलेला सांगाडा वापरतात, तेव्हा धुलाई पुरी झाली का हे ठरवण्याचे रूढ निकष आहेत : कोरड्या वजनाच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे ५० नॅनोग्रॅमहून कमी डीएनए, उरलेले तुकडे २०० बेसजोड्यांहून लहान आणि सेक्शनमध्ये एकही केंद्रक नाही. कृत्रिम साच्यांच्या नमुन्यात एक व्यावहारिक अडचण येते. पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारखे पदार्थ स्लाइड तयार करताना वापरायच्या झायलीन या द्रावकात विरघळतात, त्यामुळे स्लाइडवर साचा दिसत नाही, त्याच्या आकाराच्या पोकळ्या दिसतात. भोवती बहुकेंद्रकी पेशींची रांग असेल तर त्या पोकळ्या तिथल्या बाह्यवस्तूच्या आहेत हे ओळखता येते.

ऊतक अस्तरित झाल्याचा दावा आणि प्रत्यक्ष नमुना यांत तफावत पडली की काय होते, याचे ठळक उदाहरण कृत्रिम श्वासनलिकेचे. शल्यचिकित्सक पाओलो माक्यारिनी यांनी २०११ मध्ये स्टॉकहोममध्ये मूलपेशी लावलेली प्लास्टिकची श्वासनलिका बसवली. तिथल्या करोलिन्स्का संस्थेने संशोधनातील गैरवर्तनाचा ठपका ठेवल्यावर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१८ मध्ये संबंधित निबंध मागे घेतले आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने माक्यारिनींना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली.

भलत्या जागी उगवलेले

काही नोंदी या विषयात पुन्हा पुन्हा वाचल्या जातात. इस्रायलमधील एका मुलाला मॉस्कोत गर्भातील चेतापेशी मेंदूत टोचल्या होत्या. चार वर्षांनी मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी आढळल्या. काढलेल्या गाठीत दोन एक्स गुणसूत्रांच्या, म्हणजे स्त्रीच्या, पेशी सापडल्या, मुलाच्या आजाराचा जनुकदोष त्यांत नव्हता आणि ऊतक-जुळणीच्या खुणांवरून किमान दोन दाते निघाले. २००९ मध्ये हा अहवाल आला नसता तर ही मुलाचीच गाठ म्हणून नोंदली गेली असती. थायलंडमध्ये ल्युपस या स्वप्रतिकारक आजाराच्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडात तिच्याच रक्तातील मूलपेशी टोचल्यावर रक्तवाहिन्या आणि अस्थिमज्जेसारख्या पेशी यांच्या गाठी बनल्या, तो अहवाल २०१० चा. २०१४ मधील तिसऱ्यात मज्जारज्जूला इजा झालेल्या स्त्रीला नाकातील अस्तराचे ऊतक बसवले होते. आठ वर्षांनी पाठ दुखू लागली, तेव्हा काढलेल्या गाठीत श्वसनमार्गाचे अस्तर आणि श्लेष्मा गाळणाऱ्या ग्रंथी होत्या. पेशींनी नाकातले काम पाठीच्या कण्यात चालू ठेवले होते. यात कर्करोग नव्हता, तरी मज्जारज्जूवर दाब पडलाच.

याच तपासणीने यशही सिद्ध होते. जर्मनीतील बोखूम येथे २०१५ मध्ये एपिडर्मोलिसिस बुलोसा (त्वचेला सहज फोड येण्याचा जनुकीय आजार) असलेल्या सात वर्षांच्या मुलावर, इटलीतील मोडेना येथे जनुक सुधारून वाढवलेली त्वचा बसवली. ती शरीराच्या सुमारे ८० टक्के पृष्ठभागावर आहे. फोड येणे थांबले हे डोळ्यांना दिसत होते. पण बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्या सांध्यावर लॅमिनिन ३३२ या जोडणाऱ्या प्रथिनाची अखंड रेषा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पेशींना खालच्या पटलाशी बांधणारे हेमिडेस्मोसोम पूर्ण आकाराचे दिसले, तेव्हा कारण दुरुस्त झाल्याचे कळले.

भारतातील स्थिती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे रक्तमूलपेशींचे रोपण वगळता मूलपेशींचे इतर उपचार चाचणीबाहेर देता येत नाहीत. नव्या औषधांचे व चाचण्यांचे २०१९ चे नियम पेशीजन्य उत्पादनांनाही लागू आहेत. रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशींच्या मुंबईतील कंपनीच्या उपचाराला औषध महानियंत्रकांनी २०१७ मध्ये मान्यता दिली, त्यामुळे अशा गुडघ्यांचे नमुने इथल्या प्रयोगशाळांतही येऊ शकतात. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर पेशी कोणत्या, स्वतःच्या की दात्याच्या, किती दशलक्ष, कोणत्या साच्यावर, कोणत्या तारखेला आणि नेमक्या कुठे दिल्या हे लिहिलेले असावे. ‘गुडघा, बायोप्सी’ एवढेच लिहिलेल्या फॉर्मवर साच्याभोवतीच्या पोकळ्यांचा अहवाल ‘बाह्यवस्तूची प्रतिक्रिया, कारण अज्ञात’ असाच जातो.