भिंतीला तडा गेला: फ्लोरिडात वकिलाला फोन करायच्या आधी पॉलिसीत काय बघायचं

टँपाच्या आसपास घर घेतलेल्या मराठी मंडळींना कळकळीनं सांगायचंय. पॉलिसीत जमीन खचण्याबद्दल काहीतरी लिहिलेलं दिसलं म्हणजे सिंकहोलचं (जमिनीखाली पोकळी होऊन वरची माती आत उतरते त्याचं) कव्हर आहे असं धरून चालू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्याकडे यातलं काय आहे यावर वकील तुमच्या काही कामाचा आहे की नाही हे ठरतं.

पहिली गोष्ट, कॅटास्ट्रॉफिक ग्राउंड कव्हर कोलॅप्स, म्हणजे घराखालची जमीन अचानक कोसळणं. हे कव्हर घराचा विमा देणाऱ्या कंपनीला फ्लोरिडाच्या कायद्यानं द्यावंच लागतं, त्यामुळे ते बहुतेक सगळ्यांकडे असतं आणि तिथेच फसगत होते. कारण जमीन अचानक खचली पाहिजे, खड्डा नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसला पाहिजे, पायासकट घराच्या स्ट्रक्चरचं नुकसान झालं पाहिजे आणि वर सरकारी यंत्रणेनं घर राहण्यालायक नाही म्हणून रिकामं करायला सांगितलं पाहिजे, या चारही अटी एकत्र लागतात, तीन जमल्या तरी उपयोग नाही. टँपाजवळच्या सेफनरला 2013 मध्ये रात्री बेडरूमखालची जमीन गेली, एका माणसाचा जीव गेला, आणि तोच खड्डा 2015 आणि 2023 मध्ये परत उघडला. हे कव्हर अशा प्रकारासाठी आहे. नुसता पाया बसला, भेगा पडल्या तर ते यात येत नाही असं कायद्यातच लिहिलंय, तिथे कितीही मोठा वकील केला तरी न घेतलेलं कव्हर तो कुठून आणणार?

दुसरी गोष्ट, सिंकहोल लॉस, म्हणजे सिंकहोलमुळे घराचं झालेलं नुकसान. हे जादा प्रीमियम भरून वेगळं घ्यावं लागतं, आधी कंपनी घराची तपासणी मागू शकते, आणि डिडक्टिबल 10 टक्क्यांपर्यंत असू शकतं, म्हणजे घरावर 4 लाख डॉलरचं कव्हर असेल तर पहिले 40 हजार तुमचे. पण इथे खड्डा दिसायची गरज नाही. खाली चुनखडीचा दगड आहे, पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी तो झिजवत राहतं, वरची वाळू हळूहळू त्या पोकळ्यांत उतरते आणि घर कलायला लागतं. मात्र 2011 पासून स्ट्रक्चरल डॅमेजची व्याख्या कायद्यात कडक केलीये, केसासारख्या बारीक भेगांवर क्लेम उभा राहत नाही.

खरं भांडण या दुसऱ्या प्रकारात होतं, आणि ते कारणावरून होतं. कंपनीचा इंजिनीअर म्हणतो खालची चिकणमाती फुगते-आकसते, किंवा भराव नीट दाबला नव्हता, किंवा खाली गाडलेली झाडंझुडपं कुजली, म्हणजे नुकसान सिंकहोलमुळे नाहीच. कंपनीनं जमिनीची टेस्ट न करताच क्लेम नाकारला तर 60 दिवसांत लेखी मागणी करून टेस्ट करून घेता येते, खर्चाचा अर्धा भाग किंवा 2,500 डॉलर, जे कमी असेल ते तुम्ही भरायचं, आणि सिंकहोल निघालं तर ते पैसे परत मिळतात. तरीही पटलं नाही तर राज्याच्या वित्तीय सेवा खात्याकडे न्यूट्रल इव्हॅल्युएशन, म्हणजे तटस्थ तज्ज्ञाचं मत, मागता येतं, त्याचा खर्च कंपनीचा, निकाल मात्र बंधनकारक नाही.

यानंतरही अडलं तर वकील जरूर करा, इंजिनीअरच्या रिपोर्टशी भिडायला तो लागतोच. फक्त फीचं आधी विचारा. पूर्वी घरमालक जिंकला की त्याच्या वकिलाची फी कंपनीला भरावी लागायची, डिसेंबर 2022 च्या कायद्यानं त्यानंतरच्या पॉलिसींसाठी ते काढून टाकलं, त्यामुळे आता फी बहुतेक वेळा तुमच्याच पैशातून जाते आणि घर दुरुस्तीला किती उरणार हा हिशोब सही करायच्या आधीच करायला हवा.

आणि तारखा सांभाळा. सिंकहोलचं नुकसान तुम्हाला कळलं किंवा कळायला हवं होतं तिथपासून 2 वर्षांत कंपनीला कळवलं नाही तर क्लेम गेला, म्हणून पहिली भेग दिसली त्याच दिवशी शेजारी पट्टी धरून फोटो काढा, तारखेसकट. क्लेम मंजूर झाला की जमीन पक्की करायचं कंत्राट 90 दिवसांत करावं लागतं, आणि कंत्राटदार तुम्हाला काही रक्कम परत देतो म्हणाला तर घेऊ नका, कायद्यानं त्याला बंदी आहे.